सीलची कड

"प्लेटा जळाल्यात ना? मग तेवढं लिहून द्या," यार्डाचे तरुण मालक म्हणाले. "ऑपरेटरच्या हलगर्जीपणानं गिअरबॉक्स गेला. खाली सही. संध्याकाळपर्यंत कागद टेबलावर हवा."

मिस्त्रींनी हातातली क्लचप्लेट उजेडाकडे धरली. काळीठिक्कर पडली होती. लोडर सव्वीस वर्षांचा, आणि खडीच्या त्या यार्डात मिस्त्री त्याच्याही आधीपासूनचे. गिअरबॉक्स चेनपुलीनं उतरवून बाकावर घेण्यातच त्यांचे दोन दिवस गेले होते.

"अजून पुरता खोलला नाही, शेठ. अर्धा बघून दाखला कसा देऊ?"

"त्यात बघायचंय काय? गाडी चालती असताना तशीच रिव्हर्स टाकायची, त्यानं क्लच जळतात. तुम्हीच सांगत होता."

सांगत होते खरे. आणि ज्याच्याविषयी सांगत होते, तो ऑपरेटर मिस्त्रींचा साडू होता.

नऊ वर्षांपूर्वी सासुरवाडीच्या पंगतीत साडू चारचौघांत म्हणाला होता, "बोल्ट पिळायला काय अक्कल लागते?" तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. पोट एकाच मशीनवर. पण लोडर कुरकुरायला लागला की साडू ते वजनकाट्यावरच्या कारकुनाला सांगायचा आणि कारकून मिस्त्रींना. उत्तरही त्याच वाटेनं परत जायचं. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या दोघींना मात्र रोजचा तासभर फोनही पुरत नसे.

दुपारी मिस्त्री जेवायला घरी गेले.

"धाकटीचा फोन होता," बायको वाढता वाढता म्हणाली. "रडत होती. नोकरी गेली तर या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार, म्हणाली. भावजींना सांग म्हणत होती. मी म्हटलं, मी काही सांगणार नाही. मशीन उघडं असलं की ते कुणाचं ऐकत नाहीत."

मिस्त्रींनी भाकरीचा तुकडा मोडला.

"काय लिहायचं ते लिहा. पण ताटात बघून जेवा. मघापासून नुसता हात तोंडाकडे जातोय."

खरं तर त्यांना जेवताना बरं वाटत होतं. अक्कल लागते की नाही ते आता कळेल, हे एकच वाक्य मनात घोळत होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती.

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी उरलेला भाग खोलला. रिव्हर्सच्या प्लेटा एकेक करून जुन्या चादरीवर मांडल्या आणि तिथंच त्यांचा हात थांबला. प्लेटा स्वच्छ होत्या. पुढं जायचा क्लच वेगळा, मागं यायचा वेगळा; चालत्या गाडीला मागं-पुढं झटके दिले तर मार दोन्हींना बसतो. इथं पुढचा कोळसा झाला होता आणि मागचा जसाच्या तसा.

मग त्यांनी पुढच्या क्लचचा पिस्टन काढला. त्याच्याभोवतीचं ताटाएवढं गोल रबरी सील डिझेलमध्ये धुतलं आणि त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत नेलं. एका जागी नख अडकलं. कड आत दुमडून नखभर फाटली होती. तिथून तेल गळायचं, दाब टिकायचा नाही, प्लेटा घट्ट धरायच्या नाहीत आणि घासून घासून जळायच्या.

ते सील मिस्त्रींनीच बसवलं होतं. सात महिन्यांपूर्वी. एरवी ते सील कोमट तेलात ठेवून मऊ करायचे आणि मग बोटांनी सरकवत बसवायचे. त्या दिवशी ट्रकांची रांग लागली होती आणि शेठ दारात उभे होते. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं कड आत ढकलली होती. चौतीस वर्षांत तेवढी एकदाच.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. भंगाराचा डबा हातभर अंतरावर होता. मिस्त्रींनी सील बाकावर ठेवलं. मग त्यांनी हात पुसले आणि कागद पुढं ओढला.

शेठनी तो उभ्याउभ्याच वाचला. "'सील बसवताना माझ्या हातून फाटले. ऑपरेटरचा दोष नाही.' हे काय? साडू ना तो तुमचा? घरून दट्ट्या आलेला दिसतोय."

मिस्त्रींना हसू आलं. "आमचं किती गूळपीठ आहे ते काट्यावर विचारा, शेठ." त्यांनी सील टेबलावर ठेवलं. "इथून नख फिरवा."

शेठनी नाइलाजानं फिरवलं. नख अडकलं. त्यांनी सील बाजूला सारलं.

"यापुढं गिअरबॉक्सची कामं बाहेरच्या वर्कशॉपला देऊ," ते म्हणाले. "तुमचंही वय झालं, मिस्त्री."

"द्या. हा एवढा मला पुरा करू द्या."

त्यांनी तो पुरा केला. ट्रक खोळंबले, शेठ दोनदा येऊन गेले, तरी नवं सील तेलात हवं तितका वेळ पडून राहिलं. पाचव्या दिवशी लोडर सुरू झाला. साडू वर चढला. मिस्त्री खाली उभे राहिले आणि कारकून सवयीनं मधे येऊन उभा राहिला.

लोडर ढिगात घुसला, बकेट भरून मागं आला. दिशा बदलताना साडू दर वेळी गाडी पुरती थांबवत होता.

"कसा वाटतोय, काय सांगू त्यांना?" कारकुनानं ओरडून विचारलं.

साडूनं केबिनमधून मान बाहेर काढली. "तेल गरम होऊ द्या, साडूभाऊ. मग सांगतो."

कारकून मिस्त्रींकडे वळला.

"ऐकलं मी," मिस्त्री म्हणाले.

तासाभरानं साडू खाली उतरला. "पकडतोय. पहिल्यासारखा." मग तो बुटानं खडी उकरत राहिला. "दोनचारदा मीही चालत्या गाडीला रिव्हर्स टाकलाय. तुम्ही लिहिलंत तेवढा काही मी धुतला तांदूळ नाही."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "पण या वेळी ते कारण नव्हतं."

वर्षभरानं यार्डातल्या दुसऱ्या लोडरचा गिअरबॉक्स गेला. बाहेरच्या वर्कशॉपचा ट्रक आला. त्यांच्या माणसांनी गिअरबॉक्स ट्रकवर चढवून दोर आवळले आणि ते निघायला लागले. मिस्त्रींनी हात दाखवून ट्रक थांबवला. वाटेत तेलाच्या भोकांतून धूळ आत गेली असती. ते चाकावर पाय देऊन वर चढले आणि एकेका भोकात स्वच्छ फडकं दाबून वरून सुतळी बांधू लागले. खाली साडू फडकी घेऊन उभा होता. मिस्त्रींनी हात मागं केला की तो एक फडकं हातात द्यायचा. भोकं सात होती. सातवं बंद झाल्यावर मिस्त्री सावकाश उतरले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "खड्डे चुकवून न्या."