उशिरा फुटणारी झाडं

माझा नवरा गेनफा खोटं बोलतो याचं मला काही वाटत नाही. आमच्या टेकडीवर खरं बोलून चहा विकलाय कोणी? पण त्याला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही, याची मात्र लाज वाटते.

फेब्रुवारीत विमा कंपनीची पोरगी, यू छिंग, हप्ते ठरवायला गावात आली. तिने सगळं नीट फोड करून सांगितलं. लवकर फुटणाऱ्या झाडांना थंडीचा धोका जास्त, म्हणून हप्ता दुप्पट, पण विमा मार्च लागल्यापासून. उशिरा फुटणाऱ्यांना हप्ता निम्मा, पण विमा मार्चच्या अखेरीपासून. त्या मुदतीत कंपनीने मळ्यात रोवलेल्या खांबावरच्या तापमापकाचा पारा ठरल्याच्या खाली गेला की भरपाई.

"काका, तुमची झाडं कोणती?"

"उशिराची," गेनफा म्हणाला. "अगदी आळशी बघ."

हाच माणूस हांगझोच्या बाजारात छाती फुगवून सांगतो, अख्ख्या खोऱ्यात पहिला कोंब माझ्या मळ्यात फुटतो! आणि ते खरं आहे. त्या पहिल्या चहाच्या भावावर आमचं वर्ष निघतं. यंदा त्यातून पानं परतायचं यंत्र घ्यायचं ठरलं होतं. लग्न झाल्यापासून तापलेल्या कढईत उघड्या हातांनी पानं मीच परतते. आता बोटांना गरम-गार काही कळत नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, थंडी काय तुमची तारीख विचारून येणार आहे?"

"तुला काय कळतंय? निम्मे युआन वाचवले की नाही?"

वाचलेल्या पैशांची दारू आणली आणि मित्रांना पाजत आपल्या हुशारीचं कौतुक सांगत बसला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे हिव पडलं. उजाडल्यावर बघते तर सगळे कोंब करपून तपकिरी झालेले. यू छिंग खांबावरचा पारा बघायला आली, तेव्हा गेनफा तिच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"माझी झाडं लवकरची आहेत! विचार कुणालाही!"

"मग त्या दिवशी उशिराची का म्हणालात, काका?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मी दिसले.

"हिने सांगितलं म्हणून! बायकांच्या नादी लागलं की असं होतं."

शेजारचा आफू घसा खाकरून दुसरीकडे बघायला लागला. यू छिंगने माझ्याकडे पाहिलं, वहीत 'विमा मार्चअखेरीपासून' एवढंच लिहिलं आणि निघून गेली. मला रागसुद्धा आला नाही, नुसती किळस आली. पायाला लागलेला चिखल आपण निदान धुतो, तेवढंही या माणसासाठी करावंसं वाटेना.

एप्रिलमध्ये दुसरी फूट आली, पडेल भावाची. यंत्राचं नाव कोणी काढलं नाही. मी कढई तापवली आणि बाजूला स्टूल घेऊन बसले.

"अगं, बसलीस काय? पानं कोमेजतायत!"

"आज तुम्ही परता."

"मी? माझे हात पोळतील ना!"

"पोळतील की," मी म्हणाले आणि आच आणखी वाढवली.