बांधावरची आंबट नासपती

धाकटी धावत बांधावर पोचली तोवर झाड आडवं झालं होतं. थोरला दीर कुऱ्हाडीचं पातं गवतावर पुसत होता.

"भाऊजी, विचारायची तरी रीत असते."

"कुणाला विचारू? आंबट ढॅण फळ, जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. सावली मात्र माझ्याच भाजीवर."

तिचा नवरा मागं उभा होता. भावापुढं तो नेहमीच मूग गिळून बसायचा. "दादानं काहीतरी विचार करूनच पाडलं असेल," एवढंच पुटपुटला. धाकटीला दोघांचाही सारखाच संताप आला.

सासऱ्यानं एकाच गोड नासपतीच्या काड्यांवर कलमं बांधून सगळी बाग उभी केली होती. बांधावरचं तेवढं आपसूक उगवलेलं. वाटणीत बागेचे दोन भाग झाले, बांध सामाईक राहिला.

पुढच्या बहराला बाग पांढरीशुभ्र फुलली. मग वाटाण्याएवढी फळं पिवळी पडून गळाली. दोन्हीकडं ठणठणाट. थोरला गावभर सांगत सुटला, "धाकटीनं नको ते औषध फवारलं, माझीही बाग नासवली." पाणवठ्यावर बायका तिला बघून गप्प व्हायला लागल्या.

शेवटी तिनं रोपवाटिकेच्या बाईंना बोलावून आणलं. बाईंनी बाग फिरून विचारलं, "दुसऱ्या जातीचं झाड कुठाय?"

धाकटीनं तुटका बुंधा दाखवला.

"मग औषधाला कशाला दोष? ही सगळी एकाच झाडाची कलमं. झाडं शंभर, रक्त एकच. स्वतःच्या रक्ताचा पराग नासपतीचं फूल ओळखतं अन् वाटेतच अडवतं. भावाबहिणीचं लग्न लावतो का आपण? परका पराग लागतो. तो या आंबटाचा मिळत होता."

धाकटीची कानशिलं तापली. तशीच थोरल्याच्या अंगणात गेली आणि चार माणसांसमोर सगळं सांगितलं.

"झाडांना कसली सोयरीक कळते?" थोरला हसला. माणसंही हसली.

पुढच्या बहराला तिनं माहेरच्या रानटी नासपतीच्या फुललेल्या फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या. पाण्याच्या बादल्यांत उभ्या केल्या आणि बादल्या आपल्या झाडांना टांगल्या, बांधापासून होईल तितक्या लांब. नवरा दोर बांधताना म्हणाला, "मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली आणि गाठ आवळली.

तिच्या फांद्या फळांनी वाकल्या. मधमाश्यांना वाटणी ठाऊक नसते, त्यामुळं थोरल्याकडंही थोडी धरली. तोडणी संपल्यावर तो रानटी रोप घेऊन बांधावर आला.

"हे लावू म्हणतो. दोघांचंही भलं."

"लावा. खड्डा तुम्ही खणा."

"बांध सामाईक आहे. अर्धा तुझ्या नवऱ्याला खणू दे."

"पाडताना अर्धंच पाडलं होतं का?"

थोरल्यानं भावाकडं पाहिलं. भाऊ या खेपेला बायकोशेजारून हलला नाही. जमीन मुरमाड होती. थोरला खणत राहिला, घामानं निथळला. रोप लावून झाल्यावर त्यानं धाकटीजवळच्या पाण्याच्या कळशीकडं पाहिलं.

तिनं कळशी उचलली आणि सगळं पाणी रोपाच्या आळ्यात ओतलं.