स्वयंपाकघरातला समुद्र

कॉलनीत त्यांना सगळे भोकपाडे म्हणायचे. उभ्या हयातीत माणसानं जमिनीला भोकंच पाडली, मग तक्रार कुठल्या तोंडानं करणार! त्यांचं ड्रिल खोल जायचं, दगडाचे गोल दांडे वर यायचे आणि खाली लोखंड किती आहे ते कंपनीला कळायचं. आता त्याच लोखंडापायी खाण एकेक गल्ली गिळत त्यांच्या दारापर्यंत आली होती. संध्याकाळी कॉलनीचं फाटक कायमचं बंद होणार होतं.

सामानाचा ट्रक सकाळीच गेला. लेकीची छोटी गाडी दारात उभी होती, आणि भोकपाडे पहार घेऊन रिकाम्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले होते. फरशी घेतल्याशिवाय ते गाडीत बसणार नव्हते.

"बाबा, सांगून ठेवते, एकच. गाडीचे टायर बसतील."

"एकच म्हणतोय ना मीही. कुठली ते तरी ठरवू दे."

ही फरशी म्हणजे भोकपाड्यांच्या संसारातला सगळ्यात मोठा गाढवपणा. बायको समुद्रकाठची. इथे बघावं तिकडे तांबडी माती, झाड औषधालाही नाही, पांढरी चादर वाळेपर्यंत गुलाबी व्हायची. नव्या नवरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. "कुठे आणून टाकलंत मला? पाणी म्हणून दिसत नाही डोळ्याला!" त्यावर गोड बोलून समजूत घालणं काही ह्यांना जमलं नाही. लोखंडाच्या वरचा बिनकामाचा दगड खाणवाले फेकून देत, त्याच्या लाद्या त्यांनी वाहून आणल्या. त्या दगडावर वळ्याच वळ्या. खाणीतल्या भूगर्भवाल्या बाईंनी सांगितलं होतं, की इथे कधीकाळी उथळ समुद्र होता. जगात गवताची काडी नव्हती, मासा नव्हता, तेव्हाच्या लाटांनी वाळूवर उठवलेल्या ह्या वळ्या. पुढे त्या वाळूचाच दगड झाला. शहाण्या माणसानं गुळगुळीत बाजू वर ठेवली असती. भोकपाड्यांनी लाटा वर ठेवल्या.

"घे, तुझा समुद्र," ते म्हणाले.

ती खूप हसली, आणि मग जन्मभर करवादली. टेबल डुगडुगायचं, पुसताना पाणी वळ्यांत साचायचं, रांगत्या लेकीचे गुडघे सोलायचे. "लोकांचे नवरे साड्या आणतात, आमच्या ह्यांनी समुद्र आणला!" येईल त्या पाहुण्याला ती ऐकवायची. पण कंपनीनं चकचकीत टाइल्स देऊ केल्या, तेव्हा तिनं गवंड्याला चहा पाजून वाटेला लावलं. काय दिवस होते ते! ती जाऊन वर्ष झालं होतं, आणि तिची किरकिर ऐकायला त्यांचे कान आसुसले होते.

लेक खिडकीखालच्या फरशीपाशी वाकली. "ही घ्या. लाटा बघा किती सुरेख आहेत. आपण भिंतीला लावू."

भोकपाड्यांनी मान हलवली आणि जिथे शेगडीचा ओटा होता, त्याच्या पुढ्यातल्या फरशीच्या फटीत पहार घातली.

"अहो बाबा, ही काय? हिच्यावर मधे एक लाट नाही राहिली."

"होत्या. तुझी आई इथे उभी राहायची."

लेकीनं खाली बसून हात फिरवला. कडेनं वळ्या शाबूत होत्या. मधे दोन पावलं मावतील एवढीच जागा झिजून गुळगुळीत झाली होती. तांबड्या मातीची कच घरात सदाच असायची, तिच्यावर आईनं सकाळ-संध्याकाळ पाय घासले होते. त्या दगडावरून किती युगं गेली होती, त्याला काही झालं नव्हतं.

मग डोळे पुसून लेकीनं बापाच्या हातातली पहार ओढून घेतली.

"सरका तिकडे," ती म्हणाली, "फोडून ठेवाल."

भोकपाडे मुकाट्यानं सरकले.