शनिवारचं शेण

हिरामणच्या शेणाला आनंदनगर एमआयडीसीत जेवढा मान होता, तेवढा त्याच्या लेकीच्या बी.एस्सी.ला नव्हता. दर शनिवारी सकाळी रंगांच्या एका कारखान्यातून फोन यायचा, ‘गाडी पाठव’, आणि बदलापूरजवळच्या त्याच्या गोठ्यातलं ताजं शेण ‘छोटा हत्ती’ टेम्पोत भरून रवाना व्हायचं. तेजलने त्याच कारखान्यात लॅबसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं, ‘केमिस्ट्रीवाले हवेत.’

झूऑलॉजीची पदवी हातात पडली की सल्ले फुकट मिळतात. मामा म्हणाला बी.एड. कर. मावशीने लॅब टेक्निशियनचं डीएमएलटी सुचवलं. शेजारच्या सनीचं म्हणणं, औषधांची बॅग घे आणि दवाखान्यांचे उंबरे झिजव. सगळ्यांनी एक गृहीतच धरलेलं, की हिला डॉक्टर व्हायचं होतं आणि ते जमलं नाही. याचा तेजलला भयंकर राग यायचा. डॉक्टर व्हायचं तिच्या कधी मनातच नव्हतं. उल्हासनगरच्या कॉलेजात डबक्याच्या पाण्याचा थेंब काचेखाली ठेवून जेवायचं विसरणारी वर्गात ती एकटी होती, आणि तिला तेच काम हवं होतं.

म्हणून त्या शनिवारी ती फाइल घेऊन बापाशेजारी टेम्पोत बसली.

कारखान्याच्या मागे सांडपाण्याची मोठी टाकी होती. तिच्यात जिवाणू पाळलेले. ब्लोअरने खालून हवा सोडायची, जिवाणूंनी घाण खायची आणि पाणी साफ करायचं, असा कारभार. जिवाणू मेले की शेण आणि गूळ घालून नव्याने वाढवायचे. आजही टाकी काळी पडून सडक्या अंड्यांसारखी घाणत होती. टाकी आणि लॅब दोन्ही सांभाळणाऱ्या विभागाच्या प्रमुख राजसी मॅडम नाकाला रुमाल लावून कठड्याशी उभ्या होत्या.

“हे दर शनिवारीच का मरतात, मॅडम?” तेजलने विचारलं.

“तू कोण?”

“माझी पोर हाय,” हिरामण म्हणाला. “बी.एस्सी. झालीय.”

“झूऑलॉजी,” तेजल म्हणाली. “तुम्ही मला नको म्हटलंत. पण मायक्रोस्कोप असेल तर पाच मिनिटं द्या.”

“है ना मॅडम, आपण ऑडिटवाल्यांना दाखवतो तो,” टाकीवरचा ऑपरेटर रघु म्हणाला आणि कपाटातून धूळ बसलेला मायक्रोस्कोप घेऊन आला.

तेजलने थेंब ठेवला आणि डोळा लावला. व्हॉर्टिसेला तिच्या जुन्या ओळखीचा. देठावर उलटी घंटा, एवढासा जीव. इथे देठ पुष्कळ होते, घंटा एकही नव्हती. तिला उत्तर दिसत होतं.

“हवा संपली की हे देठ सोडून पळतात,” ती म्हणाली. “यांचा श्वास कोंडलाय. काल ब्लोअर बंद होता का?”

“काल शुक्रवार, हफ्त्याची सुट्टी ना. कंपनी बंद, तो ब्लोअर भी बंद.” रघु घुटमळला. “मॅडमनीच सांगितलंय, बिजली वाचते म्हणून.”

तेजलच्या लक्षात दोन गोष्टी एकदम आल्या. जिची चूक दाखवायची, नोकरी तिच्याच हातात होती. आणि शुक्रवारी हवा चालू राहिली, तर बापाचा शनिवारचा फोन कायमचा बंद होणार होता. तिने मागे पाहिलं. हिरामण फावडं टेकून उभा होता.

“थांबलीस का?” तो म्हणाला. “बोल की.”

“मॅडम, सुट्टीच्या दिवशी ब्लोअर चालू ठेवा. मग शेण लागणारच नाही.”

राजसी मॅडमनी रुमाल खिशात घातला आणि स्वतः वाकून बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. “दोन शुक्रवार चालू ठेवून बघते. चुकलीस तर?”

“तर शेण डोक्यावरून आणून टाकीन. पण चुकणार नाही.”

परतताना तेजलला अपराधी वाटायला लागलं. “बाबा, तुझं काम गेलं ना माझ्यामुळे?”

“म्हशी काय त्या कंपनीला विचारून हगतात? घालीन शेतात,” तो म्हणाला.

पहिल्या शनिवारी फोन आला नाही. हिरामणने शेण खताच्या खड्ड्यात टाकलं, आणि तेजल दिवसभर उगाच फोनपाशी घोटाळत राहिली. दुसऱ्या शनिवारी तो म्हशी धूत असताना फोन वाजला. पलीकडे मॅडम होत्या. “हिरामण, टाकी चहाच्या रंगाची झालीय, वासही गेला. गाडी नको. सोमवारपासून पोरीला पाठव, कामावर.”

त्याने ओल्या हातानेच फोन तेजलकडे दिला आणि गोठ्यातून बायकोला हाक मारली, “गोजर, कंपनीनं शेण बंद केलं गं!”

गोजरबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. “आता गं बया! मग हसताय काय?”

“आपल्या पोरीनं बंद केलं,” हिरामण म्हणाला.