रंकाळ्याची फेरी

आमच्या मालकांची साखर वाढती कुठनं, ह्ये मला कळायलाच पायजे हुतं. डॉक्टरला कळंना, लॅबवाल्याला कळंना. मग म्हटलं, हाफिजा, आता तूच शोध.

मालक शिंपी. चाळीस वर्सं झाली, शुक्रवार पेठंत नेहरूशर्ट शिवत्यात. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, साखर दोनशेच्या खाली आणा, मग ऑपरेशन करतो. दोनदा आम्हास्नी तसंच माघारी धाडलं. तिसऱ्यांदा आकडा आला दोनशे चाळीस. तवा डॉक्टर चिडलेच. म्हणाले, असंच लांबवत बसलात तर नजर जाईल. शिंप्याची नजर गेल्यावर ऱ्हायलं काय वो?

घरात तर मी भात बंद केलाय. भाकरी, मेथी, मूग. ईदेचा शीरखुर्मा त्यांच्या देखत शेजारी धाडून दिला. मग साखर शिरती कुठनं? खिसं तपासलं, मशीनचा खण उपसला. वाटलं, पेढं दडवलं असतील. घावलं काय, तर तीन बटणं आणि खडूचा तुकडा. वर सकाळी साडेपाचला पांढरं बूट घालून रंकाळा तळ्याला फेरी, दोन महिनं, एक दिवस खाडा न्हाय!

एका दुपारी तेच बूट धुवायला घेतलं आन उलटं केलं. तळवं नुसतं धुळीनं मळलेलं, झिजलेलं न्हाईत. दुकानात हुती तशी नक्षी जाग्यावर. रोज रंकाळ्याला येढा घालणाऱ्याचं बूट असं असत्यात व्हय? माझं डोस्कंच फिरलं. पण म्हटलं, आधी बघायचं, मग बोलायचं.

दुसऱ्या दिवशी पदर डोक्यावर घेतला आन मागं मागं निघाले. मालक भिंतीच्या कडंकडंनं चाललेलं, अगदी हळू. गंगावेशीत आलं आन रंकाळ्याकडं वळायचं सोडून दूध कट्ट्यावर बसलं! तिथं म्हशी बांधलेल्या असत्यात, गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून गिलास हातात. कृष्णात गवळ्यानं काय न इचारता अर्ध्या लिटरचा फेसाळ गिलास त्यांच्या हातात दिला. त्यो संपला. दुसरा दिला. मी खांबाआड उभी ऱ्हाऊन मोजालते. तिसरा भरला तवा माझ्यानं ऱ्हाववंना.

"व्हय वो, ही तुमची फेरी?"

मालक दचकलं. "साखर घातली न्हाय की त्यात!"

"भाभी, धारंचं दूध हाय," कृष्णात मधीच तोंड घालाय लागला. "लालासाबभाईंस्नी ताकद नको का? तालमीतली पोरं शेर शेर पित्यात."

"पोरं जोर काढत्यात, बाबा. ह्ये बसून पित्यात. दुधात बी मूळची साखर असतीच, आन रोज दीड लिटर? हिशेबानं पिलं असतं तर मी कशाला आले असते?"

कट्टा सगळा हसला. मालक काय हसलं न्हाईत. घराकडं वळलो तरी मला आतनं एकच गोष्ट टोचालती. दूध पिऊन बी फेरी मारता आली असती की. रंकाळा तर पुढं हाकंच्या अंतरावर. मग गेलं का न्हाईत?

"खरं सांगा. रंकाळ्याला का जात न्हाईसा?"

मालकांनी भिंतीला हात टेकला. मग म्हणालं, "पैल्या आठवड्यात गेलतो. अंधार हुता. पाणी कुठं संपतंय आन वाट कुठं सुरू हुती, कळंना. एक पाय खाली गेला. कठड्याला धरून तांबडं फुटंस्तवर बसलो."

मी जागच्या जागी थांबले. दोन महिनं ह्यो माणूस भिंत चाचपत कट्ट्यापतूर येत हुता आन मी भाकरी मोजत बसले हुते. मला रडूच कोसळलं.

"मला सांगायला काय झालतं?"

"पेठंत कळलं, शिंप्याला दिसत न्हाय, तर कापड कोण देईल हातात?"

"मी काय सगळी पेठ हाय व्हय?"



दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दोघं निघालो. कट्टा आला तवा मीच कृष्णातला दुरनं हात केला, आज न्हाय म्हणून. रंकाळ्यावर निम्मी पेठ चालालती. मी मालकांचा हात धरला. लगीन झाल्यापास्नं रस्त्यात कधी धरला नव्हता. त्यांनी सोडवून घ्यायला बघितलं.

"हाफिजा, लोकं बघालेत का?"

"समदी बघालेत," मी म्हटलं. "तुम्हास्नी दिसत न्हाईत, तंवर चालून घ्या."