हाताला गुण

आमच्या गावात कुणाच्या पायात काटा मोडला, की तो दवाखाना नाही, आमचं घर गाठायचा. माझे सासरे मानसिंगमामा ओट्यावर बसायचे, पाय मांडीवर घ्यायचे आणि सुईनं काटा असा अलगद काढायचे, की माणूसच विचारायचा, "निघाला व्हय?" त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. मामांनाही ते पटलेलं होतं, जरा जास्तच. दुसऱ्याचं ऐकतील तर शपथ.

भिंगऱ्या हा त्यांचा कुत्रा. सासूबाई गेल्यापासून मामा आमच्याशी कमी आणि त्याच्याशीच जास्त बोलायचे. त्याच्या पंजात बाभळीचा काटा शिरला, की तो आपणहून येऊन पाय पुढे करायचा.

त्या सकाळी मी केळीला पाणी द्यायला उजनी धरणाच्या काठावरच्या मोटारीकडे गेले. भिंगऱ्या मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या तोंडातून वीतभर नायलॉनचा दोरा लोंबत होता. मासे धरायला कुणीतरी कोंबडीचं आतडं लावून गळ टाकला होता, तो यानं गिळला होता. मी केळीत असलेल्या मामांना हाक मारली आणि रेंज मिळावी म्हणून बांधावर पळाले.

करमाळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर एका दमात सांगितलं, "दोरा ओढू नका, कापूही नका. खायला-प्यायला देऊ नका, उलटी करवू नका. दोरा गळपट्ट्याला सैल बांधा आणि तसाच घेऊन या."

मी ओरडतच खाली आले. "मामा, ओढू नका! डॉक्टर नको म्हणतायत!"

मामा गुडघ्यांवर बसले होते. भिंगऱ्यानं त्यांच्यासमोर आपणहून तोंड उघडलं होतं. "जरासाच अडकलाय. मला शिकवू नगंस, जल्मभर हेच केलंय की," मामा म्हणाले आणि त्यांनी ओढला.

काटा शिरला त्याच वाटेनं परत येतो. गळाला टोकाशी उलटा दात असतो, तो ओढला की आणखी रुततो. भिंगऱ्या थरथरला, तोंडातून रक्त आलं, पण तो चावला नाही. चावला असता, तर मामांनी हात मागे घेतला असता.

मोटारसायकल मी चालवली. मागे मामा, त्यांच्या मांडीवर टॉवेलात भिंगऱ्या. करमाळ्याला पोचेपर्यंत तो गेला होता.

"दोरा वडला नसता तर?" मामांनी डॉक्टरांना विचारलं.

"ऑपरेशन करून गळ काढता आला असता."

मला डॉक्टरांचाच राग आला. एवढं एक खोटं बोलता येऊ नये माणसाला? मामांना चार शब्द सुनावायचे म्हणून वाटभर जिभेवर घेऊन आले होते, ते गिळून टाकले.

आठवड्यानं शेजारची रंभाबाई लंगडत आली. मामांनी सवयीनं तिचा पाय मांडीवर घेतला, सुई उचलली, मग तिचा पाय परत खाली ठेवला.

"दवाखान्यात जा, रंभाबाई."

"काट्यासाटी दवाखाना? आवं, तुमच्या हाताला..."

"हाताचं नाव काडू नगंस." त्यांनी सुई माझ्याकडे दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

माझ्या हाताला कसला गुण? सुई टोचली तशी रंभाबाई कळवळली, मग बिचारीनं दात आवळून धरले.

"वरड, बाई," मामा भिंतीकडेच बघत म्हणाले. "दुकतंय तर वरड की. गप नगं बसूस."