तळ्याचा तिसरा फोटो

माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की घर त्याचा पदर धरतं. फोटोवालीच्या घरानं तर तो दोन्ही हातांनी धरला होता. परवा बॅगेची चेन उसवली. काल नव्या कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. पासपोर्ट 'नीट जागी' ठेवलेला, म्हणूनच अर्धा दिवस सापडेना. शेवटी गादीखाली निघाला. आणि आज, विमानाला एक दिवस उरलेला असताना, तळ्याकाठी पोचता पोचता गाडीचं चाक बसलं.

"वहिनी, तुमचं जाणं कुणाला तरी पसंत नाही," जॅक लावत दीर म्हणाला.

"तुमच्या टायरला पसंत नाही. तुमच्या टकलासारखा गुळगुळीत झालाय."

"टक्कल पंक्चर तरी होत नाही!"

ती हसली आणि कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय उघडता उघडता, सुचेल तसं गुणगुणली:

निघाले दूरदेशी, खिळा चाकाला बोलतो,
थांब गं घडीभर, तळ्याकाठी कोण येतो.

आज फोटो मिळायलाच हवा होता. तिचा नवरा तीन वर्षं परदेशात, जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंगचं जोडकाम करत होता. त्या ठिणग्यांनी डोळे खाल्ले. ती पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. दिसलं तर दिसलं, नाहीतर उरलंसुरलं तेही जाणार. त्यानं मागितलं होतं एवढंच, "येताना आपलं तळं आण. मोठं छापून आण. नाकाला लावून बघेन, पण एकदा बघेन." लग्नाआधीपासून दोघं या वाटेनं यायची. ती फोटो काढायची, तो तिची तिपाई खांद्यावर वाहायचा. वाहून वाहून त्याचा डावा खांदा कायमचा उतरला होता.

तिची फोटो काढायची रीत वेगळी होती. ती भिंगापुढे काळी काच लावायची आणि तीन मिनिटं झाकण उघडं ठेवायची. तेवढ्यात जे जे हलतं ते पुसलं जातं. लाटांचं दूध होतं, रस्त्यावरून गेलेला माणूस फोटोत उरत नाही. उरतं ते फक्त स्थिर असतं ते.

पहिला फोटो झाला. तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. पाणी साईसारखं, टेकडी जागच्या जागी. आणि पलीकडच्या काठावर एक माणूस.

तिनं मान वर केली. काठ रिकामा होता.

"भाऊजी, तिकडे कुणी होतं का हो?"

"मघापासून बगळासुद्धा नाही."

"हा बघा. तीन मिनिटं पापणीही न हलवता उभा आहे."

दिरानं वाकून पाहिलं. "काचेवर डाग असेल," तो म्हणाला, पण तेलकट बोट पडद्यापासून दूर ठेवूनच.

तिनं काच पुसली, दुसरा फोटो काढला. काढताना पाण्यावरून नजर हलवली नाही. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. पडद्यावर मात्र माणूस तळ्याच्या मधोमध होता. कमरेपर्यंत पाण्यात. भोवती एक वलय नाही. डावा खांदा उतरलेला.

 हातातला पाना दिरानं अलगद गवतावर ठेवला.

तिनं नवऱ्याला फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर त्यानं उचलला.

"अहो, कुठे आहात?"

"दवाखान्यात. डोळ्यांत औषध घालून खुर्चीत बसवलंय. डोळे मिटून बसा म्हणाले, हलायचं नाही." आवाज झोपेतून आल्यासारखा होता. "अगं, धाकट्यानं चाक काढलंय ना? जॅकखाली दगड लाव म्हणावं. जमीन मऊ आहे."

तिनं वळून पाहिलं. जॅक एका बाजूनं मातीत रुतला होता.

"तुम्हाला कसं..."

"अजून एकदा काढ ना," तो म्हणाला. "अगदी जवळ आलोय. पाय गार पडलेत बघ, पण जवळ आलोय."

त्याच्यामागे एक बाई कुणाला तरी हाका मारत होती, पुन्हा पुन्हा, एकच नाव. त्याचंच. त्याला ते ऐकू येत नव्हतं.

फोटोवालीचं बोट बटणावर होतं. तीन वर्षं झाली होती. आणखी तीन मिनिटं, की तो तिपाईपाशी येऊन उभा राहणार होता. आणि तिकडच्या खुर्चीत कोण उरणार होतं?

"डोळे उघडा," ती म्हणाली.

"इतक्यात नको गं."

"उघडा म्हणते ना! मी येतेय तिकडे. तुम्ही यायचं नाही. काय दिसतंय?"

तिकडे खुर्ची करकरली. "धुकं... खिडकी असावी."

"बोलत राहा, हलत राहा. थांबलात तर माझ्याशी गाठ आहे."

तो बोलू लागला आणि तिनं बटण दाबलं. खिडकीला पडदा आहे. पडदा हलतोय. बाई रागावल्यात. निळे कपडे आहेत, का हिरवे? समोरचा म्हातारा जांभया देतोय. ती मनात आकडे मोजत होती. दोन मिनिटांच्या पुढे त्याचं बोलणं अडखळलं, शब्द लांबले, थांबले. उरलेल्या सेकंदांसाठी ती थांबली नाही. भिंगावर तळवा दाबला आणि फोनमध्ये ओरडली, "अहो!"

"आहे गं," तो म्हणाला. आवाज जागा होता. "कानाचा पडदा तरी शाबूत ठेव."

फोटो काळोखा आला होता, ढग दाटून आल्यासारखा. टेकडी होती, काठ होता, माणूस कुठेच नव्हता. फक्त त्या साईसारख्या पाण्यातून एक बारीक रेघ पलीकडच्या काठाकडे गेली होती. चालणारा माणूस तिच्या फोटोत कधी उरायचा नाही, हे तिला ठाऊक होतं.

"हाच छापणार?" दिरानं हळूच विचारलं.

"हाच," ती म्हणाली आणि जॅकखाली ठेवायला दगड शोधू लागली.